सफरचंदाच्या बुडात बर्फ

इंदापुरात आमच्या घरामागं कंपाउंडची भिंत आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये जेमतेम दोन हात मातीची पट्टी होती. कढीपत्ता आणि अळू सोडून तिथं काही लावता येईल असं मला वाटलं नव्हतं. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी शाळेत शिकवत होते. घरी आम्ही नवराबायको आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचं उभं आयुष्य कळस गावच्या माळावर मेंढरांमागं गेलं होतं. कळप विकून ते आमच्याकडे राहायला आले, आणि दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायला लागले.

थोरले दीर ट्रक चालवायचे. सफरचंद भरायला हिमाचलला गेले असताना तिथल्या एका बागवाल्यानं त्यांना नव्या जातीची दोन रोपं दिली. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी ती आणली.

"ह्याला फांद्या फुटत न्हाईत," दीर म्हणाले. "खांबावाणी सरळ वर जातंय. फळं खोडालाच धरत्यात. तुमच्या बोळात बसंल."

आबांनी रोपं लावली. एक पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. दुसरं वाढत वाढत माझ्या डोक्यावर गेलं, पण फूल काही दिसेना. शेजारणी विचारायच्या, हा कसला दांडा लावलाय? पुढच्या खेपेला दिरांनी बागवाल्याला विचारलं आणि घरी येऊन सांगितलं, "त्यो म्हणतोय, झाड थंडीत झोपाय पायजे. तिकडं बर्फात उभं असतंय."

त्या हिवाळ्यात एके दिवशी आबा एसटीनं भिगवणच्या मासळी बाजारात गेले आणि दुपारी खांद्यावर ठिबकतं पोतं घेऊन परतले.

"आबा, हे काय?"

"बर्फ. झाडाला."

"वास येतोय ह्याला."

"मासळीच्या पेटीतला हाय. झाडाला काय कळतंय?"

त्यांनी झाडाची राहिलेली पानं एकेक करून खुडली आणि बुडात बर्फ पसरला. मग दर दोन-चार दिवसांनी हेच. एकदा कंडक्टरनं पोत्यासकट खाली उतरवलं, तर मासळीच्या टेंपोत बसून आले. धुतलेल्या चादरींना वास लागायचा, मांजरं जमायची. मी नवऱ्याकडे कुरकुर केली. तो म्हणाला, "तूच सांग त्यांना." मी सांगितलं नाही.

एका रविवारी बर्फ आणला आणि आबा तापानं आडवे झाले. पोतं मोरीत वितळत होतं. पैसे देऊन आणलेला बर्फ वाया जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी तो दगडावर फोडला आणि झाडाला घातला. पुढं फोडून घालायचं काम माझ्याकडेच राहिलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा खोडाला चिकटून थोडी फुलं आली, पांढरी, कडेला गुलाबी. त्यातलं एकच फळ धरलं. दुपारच्या उन्हात आबा त्यावर ओलं फडकं टाकायचे. मोठ्या लिंबाएवढं झाल्यावर ते आणखी वाढेना, म्हणून त्यांनी तोडलं आणि विळीवर चिरून सगळ्यांना दिलं. माझ्या फोडीला घशात बसणारा तुरटपणा होता.

"आंबट हाय," आबा म्हणाले, आणि आपली फोड सालासकट खाल्ली.

काही महिन्यांनी बारामतीच्या एका रोपवाटिकेत मला कळलं, की बुडात बर्फ घालून उपयोग नसतो. गारठा वरच्या डोळ्यांना, म्हणजे खोडावरच्या कोंबांना लागावा लागतो. पानं खुडली म्हणून कदाचित फुललं असेल. मी ते आबांना येऊन सांगितलं.

"आसंल," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी बर्फ आणला नाही, पानंही खुडली नाहीत. झाड तसंच सरळ वाढत राहिलं, पुन्हा फुललं नाही. भिगवणला मात्र आबा जात राहिले. मासळी बाजारातल्या बर्फवाल्यांशी त्यांची ओळख झाली होती. सकाळच्या गाडीनं जायचे, तिथं चहा प्यायचे, धरणाच्या पाण्यावरून येणाऱ्या होड्या बघायचे आणि जेवायच्या वेळेला घरी यायचे. कधी हातात चिलापी मासा असायचा, कधी नसायचा.