बिघाड आढळला नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगलीच्या एका शोरूममध्ये मी गाड्यांच्या तक्रारी लिहून घेतो, आणि एका माणसाच्या प्रत्येक तक्रारीवर मी खोटं लिहिलं.

विट्याकडचा तो, फौजेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. नव्या गाडीत चपला काढून बसायचा, जणू देवघरच. देवघर मात्र चालता चालता बंद पडायचं. तो ताठ उभा राहून सांगायचा, "सायेब, इंजिन परत बंद पडलं. मागं ट्रक व्हता."

मी हसून विचारायचो, "क्लच नीट दाबता ना?" फौजेत वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला मी क्लच शिकवत होतो.

बिघाड मी स्वतः दोनदा पाहिला होता. पण आमच्याकडे नवी गाडी कधी बिघडत नाही, फक्त गिऱ्हाईक बिघडतं. म्हणून गाडीच्या जॉबकार्डावर 'बिघाड आढळला नाही, ग्राहक समाधानी' असं लिहून मी पेन पुढे करायचो. तो न वाचता सही करायचा. "तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल."

पुढे तो ग्राहक आयोगात गेला. कायदा त्याच्या बाजूने होता, पण त्याच्या सह्या आमच्या फाइलीत होत्या. तक्रार फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी तो शोरूमच्या दाराबाहेर चपला काढून माझ्या टेबलाशी आला. "चूक माजीच आसंल, सायेब. तुमाला उगं त्रास दिला."

मी त्याला चहा पाजला, एवढा माझा मोठेपणा. मग तो बाहेर थांबलेल्या त्याच्या बायकोला घेऊन त्याच गाडीतून विट्याला गेला.

अपिलाची मुदत अजून आहे. मी जे पाहिलं ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं, एवढं त्याचं माझ्याकडे राहिलं आहे.