डाव्या हाताची काजळी

शाळा मी चौथीत सोडली. त्यानंतर आयुष्यात एकच परीक्षा दिली, तीही दोनदा. हजामतीच्या दुकानाच्या परवान्याची.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. खानदेशातलं गाव सोडून मी जुन्नरला एका चाचांच्या दुकानात कारागीर म्हणून लागलो होतो. वय विशीचं, हात वडिलांनी शिकवलेला, आणि इथं ओळखीचं कुणी नाही. चाचा-चाचींनी मागची खोली दिली, जेवायला आपल्या शेजारी बसवलं. त्याच वर्षी नियम निघाला की दुकानात परवाना असलेला एक तरी कारागीर हवा, नाहीतर दुकानाला कुलूप. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "दुकान आता तुझ्या हातावर हाय, बेटा."

दुसऱ्याच दिवशी मी परवान्याच्या परीक्षेसाठी कचेरीत नाव दिलं.

तिथं नियमांचा छापील कागद मिळाला. गिऱ्हाईक नसलं की मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचो. पातं पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरावं. दर गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल. खरूज-नायट्याच्या माणसाला वस्तरा वेगळा. ऐकून ऐकून चाचांना ते माझ्याआधी पाठ झालं आणि मी अडखळलो की ते पुढचं वाक्य सांगू लागले.

परीक्षेला गिऱ्हाईक आपलं आपण न्यायचं होतं. डिंगोरे गावचे एक शेतकरी आमच्याकडे नेहमी यायचे, आम्ही त्यांना पावणे म्हणायचो; ते तयार झाले. "पोरा, परीक्षा तुझी, पर गाल माझा हाय!" असं वाटभर बजावत आले. चाचा कचेरीच्या पायरीवर बसून राहिले.

वर ओट्यावर खुर्ची, स्टोव्ह, पातेलं. तोंडी प्रश्नांची उत्तरं मी धडाधड दिली. फेस केला, वस्तरा उकळला, स्वच्छ फडक्यानं पुसला. गालाला लावणार तोच इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "थांब. नापास."

"काय चुकलं, साहेब?"

"उकळलेला वस्तरा तळहातावर घासलास. मग उकळला कशाला?"

"मी? मी कुठं घासला, साहेब?"

डिंगोऱ्याच्या पावण्यांनी फेसासकट मान वळवली. "घासला की राव. दोन बारी."

मला खरंच ठाऊक नव्हतं. वडील गालाला वस्तरा लावण्याआधी डाव्या तळव्यावर एकदा सुलट, एकदा उलट फिरवायचे. मी ते बघत वाढलो. पापणी लवावी तसं माझ्या हातून ते होत होतं. पावण्यांनी उपरण्यानं फेस पुसला आणि खाली येऊन वाढल्या खुंटांसकट चाचांपुढे उभे राहिले. चाचांनी त्यांचा गाल चाचपला; कुणाला काही सांगावं लागलं नाही.

साहेबांनी एका महिन्यानं पुन्हा बोलावलं होतं. तेव्हाही हुकलो तर चाचांनी त्या डोळ्यांनी काय करायचं? मी एखादे वेळी घोडेगावच्या बाजारात झाडाखाली बसून पोट भरलं असतं. पण ज्यांनी मला घर दिलं, त्यांच्या दाराला माझ्यामुळं कुलूप लागणार होतं.

उपाय चाचींना सुचला. कंदिलाच्या काचेची काजळी खोबरेलात कालवून त्या दुकानात आल्या. "डावा हात पुढं कर," म्हणाल्या, आणि तळवा काळाकुट्ट करून टाकला. "आता घास."

पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी घासलाच. पांढऱ्या फेसावर काळी रेघ उमटली. बाजारचा दिवस, बाकावर माणसं दाटीनं बसलेली. खुर्चीतल्याने आरशात पाहिलं. "तीट लावली व्हय रं? दिष्ट लागंल म्हून?" सगळे खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चाचांनी फेस पुसायला लावला, वस्तरा परत उकळायला लावला, आणि पहिल्यापासून दाढी.

रोज सकाळी चाची काजळी लावायच्या. रोज कुणाच्या ना कुणाच्या गालावर तीट लागायची. मग एकाआड एक गालावर. मग दिवसातून एकदाच. चौथ्या आठवड्यात फेस पांढरा राहू लागला, तरी माझा भरवसा बसेना.

परीक्षेला त्याच पावण्यांना घेऊन, साबणानं हात घासघासून गेलो. पण तळव्याच्या रेषांतली काजळी निघाली नव्हती.

"हात दाखव," साहेब म्हणाले. "हे काय?"

मी काही सांगायच्या आत खुर्चीतून पावणेच बोलले, "साहेब, म्हैना झाला त्यो आमच्या तोंडाला काळं फासतोय. तुमच्यापायी!"

सगळी हकीकत ऐकून साहेब मोठ्यानं हसले. मला पुन्हा हात धुवायला लावले आणि म्हणाले, "कर सुरू."

वस्तरा पाण्यातून काढला, पुसला. आणि डावा तळवा आपोआप उघडला. या वेळी मला तो उघडलेला कळला. मी मूठ मिटली. क्षणभर तशीच धरली, मग त्याच हाताच्या दोन बोटांनी गालाची कातडी ताणली आणि वस्तरा सरळ फेसावर टेकवला.

साहेबांनी पावण्यांची हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली. कुठं ओरखडा नव्हता. सही केलेला परवाना त्यांनी माझ्या हातात दिला.

पायरीवर चाचा आमच्या पावलांच्या आवाजानं उठून उभे राहिले. पावण्यांनी चाचांचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. चाचांची बोटं एका गालावरून फिरली, मिशीखालून दुसऱ्या गालावर गेली, हनुवटीखाली थांबली. कुठं खुंट लागला नाही.

"चल बेटा," ते म्हणाले, "दुकान उघडू."