तिसऱ्या वेळचं दही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. एकच परीक्षा माणूस तीन-तीनदा का देतो, हे मला नातीनं समजावलं. परदेशातल्या कॉलेजांची परीक्षा ती. काही कॉलेजं त्यातले चांगले मार्क तेवढे धरतात, काही म्हणतात, जितक्यांदा दिली तितक्यांदाचे दाखवा. हिला हवं ते कॉलेज नेमकं सगळे मागणारं.

पहिल्या वेळी माझी बायको होती. देवनहळ्ळीकडच्या केंद्रावर आम्ही दोघं नातीला सोडायला गेलो. निघताना बायकोनं तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मार्क बरे आले, पण स्वल्प कमी पडले. दुसरी तारीख आली तेव्हा बायकोचं तेरावं होऊन चारच दिवस झाले होते. दह्याचं कुणाला सुचलं नाही. मार्क उतरले.

मी असलं काही मानत नाही. बायकोलाही म्हणायचो, दह्यानं पास होता आलं असतं तर मी चौथीत थांबलो असतो का? ती म्हणायची, "तुम्ही दही खाल्लं कुठं, ताकावर भागवलंत."

नात म्हणाली, "आज्जा, मी नाही देत आता. तिसऱ्यांदाही घसरले तर म्हणतील, हिला येतच नाही."

"आणि आत्ता थांबलीस तर काय म्हणतील?"

दोन दिवसांनी तिनं फॉर्म भरला.

घरातलं विरजण तेराव्याच्या आवराआवरीत कुणीतरी मोरीत ओतलं होतं. दुकानातलं दही मला नको होतं. मारतहळ्ळीच्या या फ्लॅटात आलो तेव्हा बायकोनं खालच्या अक्कांना विरजण दिलं होतं. वाटी घेऊन त्यांच्या दारात गेलो.

"तुमच्याच घरचं हे, अण्णा," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर आलो."

दूध किती कोमट हवं, कोण सांगणार? बायको करंगळी बुडवून बघायची. मीही बुडवली. खिडकीतून दुपारचं ऊन दुधावर पडलं होतं, पंखा हळू फिरत होता, आणि कितीतरी वेळ वाटत राहिलं की ती मागं उभी आहे, आता म्हणेल, गार झालं की हो. मी वळलो नाही. वळलो असतो तर गेली असती.

परीक्षेच्या सकाळी नातीनं हात पुढं केला.

"आंबट आहे, आज्जा."

"आहे. खा."

मार्क पहिल्यापेक्षाही चढले. तरी मधली घसरण कॉलेजला दिसणारच होती. अर्जात काही सांगायचं असेल तर एक चौकोन होता. "आजीचं लिहू का? दया मागितल्यासारखं वाटतं."

"मागू नको. झालं ते सांग."

तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी आजी नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, "तिसऱ्या वेळीही नव्हती."

"होती," ती म्हणाली. "पण ते त्यांना कशाला सांगायचं?"

कॉलेजचं उत्तर अजून यायचंय. मी रोज संध्याकाळी दूध कोमट करून विरजण लावतो.