नाव नसलेला उखाणा

जगातल्या सगळ्या शांत क्षणांचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असं मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून माझ्या साडूंकडे बोट दाखवलं असतं. भाईंदरला मिठागराच्या कचेरीत कारकुनी करणारे हे गृहस्थ चाळिशीपर्यंत तसे बरे होते. मग कुठल्याशा दिवाळी अंकात जपानी हायकूंवरचा लेख त्यांच्या हाती लागला आणि आम्हा नातेवाइकांचे ग्रह फिरले. तीन ओळींची कविता, तिच्यात रोजचाच एखादा क्षण आणि त्यात अवचित सापडलेलं आश्चर्य, एवढंच त्यात लिहिलं होतं म्हणे. माणसं असलं वाचतात आणि अंक रद्दीत घालतात. साडूंनी ते अंगाला लावून घेतलं आणि ते स्वतःच हायकू रचू लागले.

जेवायला काय केलंय हे ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, आधी सांगायचं नाही. सांगितलं की आश्चर्य मरतं. ताटावरचं झाकण साडू स्वतः हलकेच उचलत आणि परसातला वेल भरात असल्यामुळे खालून रोज दुधी निघे. उत्तनची कोळीण दारात आली की हे तिच्या पाटीसमोर उकिडवे बसून कोळंबीची मिशी हलते का ते बघत. "दादा, घ्यायचा न्हाय तं उठ ना," ती करवादायची. एकदा भर वैशाखात त्यांनी मला मिठागराच्या बांधावर नेऊन एका बगळ्यासमोर उभं केलं. "आता बघा, उडेल," ते कुजबुजले. बगळा जागचा हलला नाही, माझं डोकं मात्र भणभणलं. "नाही उडाला, हेच तर आश्चर्य!" साडू म्हणाले.

खरा छळ कवितेनंतर असे. तीन ओळी म्हणून झाल्या की साडू हात वर करत. सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं, कविता आत मुरू द्यायची. आमच्या घराण्यात झोपेतसुद्धा कुणी गप्प राहत नाही. कुणाला ठसका लागे, कुणी मध्येच चहाचं विचारी, आणि साडू तोंड फिरवून बसत.

त्यांच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. स्वतःच्या लग्नात यांनी उखाण्याच्या वेळी खोकून वेळ मारून नेली होती. तेव्हापासून ताईंची एकच हौस होती, यांनी एकदा तरी चारचौघांत आपलं नाव घ्यावं. पंगतीत विहीणबाईंनी आग्रह धरला, ताई नवा शालू सावरून बसल्या आणि साडू उठून म्हणाले,

"तांदूळ निवडताना
मध्येच हसली
एकटीच."

आणि हात वर केला. "अहो, पण नाव?" विहीणबाई ओरडल्या. "नाव घातलं की क्षण जातो," साडू म्हणाले. पंगत खो खो हसली. मी सर्वांत जास्त हसलो. ताई पानाकडे बघत राहिल्या. नावाशिवायचा उखाणा म्हणजे मिठाशिवायची आमटी, असं मी पुढे सगळीकडे सांगत फिरलो.

दोन वर्षांनी साडू गेले. कसलीही सूचना न देता, दुपारी वाचता वाचता. त्यानंतर त्यांच्या घरी त्यांच्या नातीचं बारसं झालं. बायका एकमेकींना नाव घ्यायला लावत होत्या. ताईंची पाळी आली तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांना वगळून सगळ्या पुढच्या बाईकडे वळल्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "थांबा. माझ्या उखाण्यात नाव नाहीये." आणि त्यांनी त्याच तीन ओळी म्हटल्या.

अडवायला कुणाला काही कारणच उरलं नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणी चहाचं विचारलं नाही. साडूंना जन्मभर हवी होती ती शांतता त्यांच्याच घरात पसरली आणि ती ऐकायला तेवढे तेच नव्हते. मला त्यांची फार आठवण आली.