एक माशी मागे राहिली

आंबिवली स्टेशनमागच्या मोकळ्या प्लॉटवर एका काकांच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. मिलिटरीतून रिटायर झाल्यावर माजी सैनिकांच्या शिबिरात ते हे काम शिकले. मी मध आणायला जायचो. "या, बसा" असं ते कधी म्हणाले नाहीत. लांबूनच तळहात दाखवायचे, म्हणजे मी जागच्या जागी थांबायचं, माश्यांच्या वाटेत यायचं नाही. घरचं विचारलं तरी उत्तर एकच, "सब ठीक." घरात ते एकटेच राहतात, हे मला वाण्याकडून कळलं.

प्लॉट विकला गेला तेव्हा मी मदतीला गेलेलो. दिवसा पेटी हलवता येत नाही, कारण माश्या बाहेर असतात. सांजावल्यावर दारं बंद करून आम्ही पेट्या टेम्पोत चढवल्या.

"काका, चला ना, रेल्वे गेटवर अडकू," ड्रायव्हर ओरडला.

तेवढ्यात एक माशी आली आणि कोपऱ्यातल्या पेटीच्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालू लागली.

"जाऊ द्या, एकच तर आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर," ते म्हणाले.

त्यांनी ती पेटी एकट्याने उतरवली, होती तिथेच ठेवली आणि दार उघडलं. माशी घुटमळली, मग आत गेली. दार लावून ते पेटीशी वाकून पुटपुटले, "सब ठीक."

"आणि तुमचं?" विचारायला मी पुढे सरकलो.

त्यांनी मान वर न करताच तळहात दाखवला.