मुक्ताची किल्ली

आमच्या दाराचं लॅच बिघडलं होतं. दार गुडघ्याने रेटत किल्ली फिरवली तरच ते उघडायचं, आणि ही युक्ती घरातल्या तिघांनाच ठाऊक होती. त्यातली मुक्ता, आमची लेक, माझ्याशी भांडून नागपूरला नोकरीला गेली. जाताना आपली किल्ली मात्र घेऊन गेली. म्हणून हिने वर्षभर मला लॅच बदलू दिलं नाही. "पोरगी आली आणि तिची किल्ली लागली नाही तर?"

शेवटी माझी किल्ली आतच मोडली. सुतार कशाला, म्हणत नवं लॅच मीच बसवलं आणि ऐटीत आतून दार लावून घेतलं. मग कळलं, ते उलटं बसलंय. किल्ली लागणारी मूठ घरात, किल्लीवाचून फिरणारी बाहेर. आणि किल्ल्या बाहेर चपलांच्या कपाटावर!

आमच्या हाका ऐकून शेजारच्या जोशीवहिनींनी मूठ फिरवली. "भावजी, चोरांची छान सोय केलीत हो!"

ही मात्र उघड्या दाराकडे बघत हसली. "राहू द्या दोन दिवस. रात्री कडी लावू. आता मुक्ताला किल्लीच नको."

कुलूप आपण जगासाठी आणतो. घरच्या माणसाला ते कधी लागू नये, असंच मनातून वाटत असतं. मी फोटो काढून मुक्ताला पाठवला. बाहेर उभ्या माणसाचा बाबा विचारच करत नाहीत, हीच तर तिची तक्रार होती.

लगेच उत्तर आलं. "बाबा, सुताराला बोलवू नका. शनिवारी येतेय. मी सरळ करते."