मिनिट संपल्यावर

फोन आला तेव्हा मी पुंडलिकनगरात दुधाच्या रांगेत उभा राहून पुढच्या माणसावर चिडत होतो. ‘सुलभाबाई गेल्या. झोपेतच.’ महिना होत आला, पण अजून एका जागी बसवत नाही. घायकुतेपणा माझा जन्माचाच. त्यावरून बोलणी खात अकरा वर्षं बाईंच्या हाताखाली काढली.

कंपवातानं हात थरथरतात हे कुणालाही दिसतं. त्या माणसाचा विचार कुठं अडखळतो, हे शोधणं बाईंचं काम. त्या प्रश्न विचारायच्या, मी घड्याळ धरून उत्तरं लिहायचो. मिनिट संपलं की पेन खाली. एकदा करमाडच्या पलीकडून कोंडीबा आले, जन्मभर मेंढरं राखलेले. बाईंनी आठवतील तेवढ्या जनावरांची नावं विचारली. म्हातारा नुसता बघत राहिला. मिनिटभरात दोन नावं. पुढच्या प्रश्नांचंही तेच. बाई आत गेल्या, मी दार उघडलं, आणि चपला घालता घालता बाबा सुरू झाले... लांडगा, कोल्हा, तरस, साळिंदर... पुढचा रुग्ण खोळंबला होता. ‘बाबा, वेळ संपली, चला,’ म्हणून मी त्यांना बाहेर काढलं. लिहिलं काहीच नाही. माझ्या त्या कागदावरून बाईंनी अहवाल दिला, विचारशक्ती फार खालावली आहे.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. बाईंनी सहज विचारलं, ‘मेंढरं काय म्हणतात?’ बराच वेळ गेला. ‘इकली पोरानं. मला समजत नाय, असं कागदात लिवलंय म्हनं.’ बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता चांगल्या झाडतील. ‘नियम माझाच होता रे,’ एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला. चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळा तरी झालो असतो. त्या दिवसापासून प्रत्येक कागदावर एक जास्तीचा रकाना आला, मिनिट संपल्यानंतरच्या उत्तरांसाठी. बाईंचं पुढचं सगळं संशोधन त्या रकान्यातून निघालं. कित्येकांचा विचार शाबूत असतो, फक्त ओठांवर यायला वेळ लागतो, यावरून त्या मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडल्या. कोंडीबांचा अहवालही बदलून दिला. पण कागद बदलून विकलेली मेंढरं थोडीच परत येतात!

मग मला घेऊन बाई कोंडीबांच्या वस्तीवर गेल्या. मुलगा-सुनेसमोर म्हाताऱ्यापुढं हात जोडले. ‘बाबा, चूक माझी. माफ कराल का?’ मुलगा घाईनं म्हणाला, ‘सोडा हो बाई, त्यायनं कवाच माफ केलं!’

‘तुम्ही नका सांगू. त्यांना बोलू द्या.’

बसलो. चहावर साय धरली. मी तीनदा उठून गाडीपाशी जाऊन आलो. शेवटी मीच म्हणालो, ‘बाई, अंधार पडेल, निघू या.’ परतताना शेंद्र्यापाशी त्या म्हणाल्या, ‘अजून थोडं थांबायला हवं होतं...’ पुढं वर्षभर त्या अधूनमधून जात राहिल्या, पण तो प्रश्न काही पुन्हा काढला नाही. मी टोकलं तर म्हणायच्या, ‘एकदा विचारलंय ना? आता उत्तर येऊ दे त्याच्या पायानं.’ पण आतून त्यांना चैन नव्हतं, हे मला दिसायचं. मलाही नव्हतं. घड्याळ माझ्याच हातात होतं ना!

गेल्या रविवारी मी एकटाच वस्तीवर गेलो. कोंडीबा बाजेवर होते, पार वाळलेले. ‘बाबा, आपल्या बाई वारल्या,’ म्हणालो. काही नाही. सुनेनं चहा आणून ठेवला, गार झालेला परत नेला. पाय नुसते शिवशिवत होते, पण मी हललो नाही. ऊन पार उतरलं तेव्हा त्यांचे ओठ हलले.

‘बाईला सांगा... माझा राग नाय.’

मी बाजेजवळ सरकलो. ‘बाबा, बाई गेल्या हो...’

‘व्हय. ऐकलं...’ पुन्हा बराच वेळ गेला. ‘लई येळ लावला का म्या?’

मी तोंड उघडलं, मिटलं. म्हातारा मात्र न चिडता, माझ्याकडं बघत, उत्तराची वाट पाहत राहिला.